नागपुरात खाण्याच्या विकारांसाठी आधारगट : घरच्यांनी भेटायचं का?

वैनगंगा

नमस्कार मंडळी.

नागपुरात आणि जवळपास, म्हणजे कामठी, हिंगणा, उमरेड, वर्धा, भंडाऱ्यापर्यंत, ज्यांच्या घरात कुणाला ॲनोरेक्सिया (खाणं टाळत उपाशी राहणं), बुलिमिया (भान हरपून खाणं आणि मग ते बाहेर काढणं), बिंज इटिंग (पोट दुखेपर्यंत खात सुटणं) किंवा असाच एखादा खाण्याचा विकार आहे, त्या घरच्या लोकांनी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटावं असं फार दिवसांपासून मनात आहे. त्यासाठी हा धागा काढते आहे.

माझी मुलगी बारावीला आहे. तिला ॲनोरेक्सिया आहे. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ असे तिघे तिला बघतात आणि तिघांवरही माझा विश्वास आहे. पण डॉक्टर आठवड्यातून अर्धा-पाऊण तास भेटतात. उरलेला सगळा आठवडा ती, मी, तिचे बाबा आणि समोर ताट. दुपारचं जेवण दीड तास चालतं, ते आटपून जरा टेकावं तर चारचं खाणं येतं, मग रात्रीचं. या वेळात जीवाची जी घालमेल होते ती बोलायला या एवढ्या मोठ्या शहरात मला कुणी नाही. बहिणीला सांगितलं की तीच रडायला लागते आणि मला तिची समजूत काढावी लागते. शेजारी सांगायची सोय नाही. 'त्यांच्या पोरीला काहीतरी मानसिक आहे' हे संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचेल आणि पुढे तिच्या लग्नापर्यंत तिची पाठ सोडणार नाही.

दारू सोडणाऱ्यांचे एएचे गट आहेत आणि त्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. पुण्याच्या मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. माणूस आजारी पडला की घरही त्याच्यासोबत दमतं आणि त्या घराला वेगळा आधार लागतो, हे व्यसनाच्या बाबतीत आपल्याकडे मान्य झालंय. खाण्याच्या विकारात तर घरच्यांनाच रोज तीन-चार वेळा उपचारासाठी बसावं लागतं. आणि त्यांच्यासाठी काहीच नाही.

इथे लिहिताना एक पथ्य सगळ्यांनी पाळा, ही कळकळीची विनंती. वजनाचे आकडे, कॅलरी, कपड्यांचे साईझ, कोण किती वेळ उपाशी राहिलं, काय लपवलं, कसं लपवलं, यातलं काहीही लिहू नका. ज्यांना हा आजार आहे ती मुलंमुलीही हे वाचतात आणि त्यांच्यासाठी असा प्रत्येक आकडा म्हणजे चढाओढ असते.

कोण कोण येऊ शकेल? कुठे भेटायचं? आणि मुळात भेटावं का?

पळसफूल

मी येईन. जागा कुठेही ठेवा, मेट्रोनं येईन.

एक शंका. माझा मुलगा आठवीत आहे. त्याला बारीक व्हायचं नाही, आरशाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण तो मोजून चार-पाच पदार्थ खातो. भाताला वरण लागलेलं चालत नाही, दह्यात फोडणीची मोहरी दिसली तर ताट सरकवतो. लहानपणी खाताना घशात अडकलं होतं तेव्हापासून जास्तच झालं. सगळे म्हणतात लाडावलाय, दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारून खाईल. ठेवून पाहणाऱ्या नातेवाइकाकडे तो खरंच दोन दिवस उपाशी राहिला. आम्ही तुमच्या गटात बसतो का?

वैनगंगा

पळसफूल, बसता. आमच्या डॉक्टरांनी या प्रकाराचं नाव आरफिड असं सांगितलं होतं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, ते वेगळं निदान म्हणून आलं. त्यात शरीराच्या आकाराची भीती नसते. चव, वास, पोत सहन होत नाही, किंवा गुदमरण्याची, उलटीची धास्ती बसलेली असते. उपाशी ठेवून तो हट्ट सुटत नाही, कारण तो हट्ट नाहीच. मुलाची वाढ आणि रक्त एकदा बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

कन्हान

ताई, मी बाप आहे, आणि मी येणार. आमच्याकडे पोरगी आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुष्कळ बरी आहे. आमचं कसं झालं ते सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

पहिले तर कोणालेच काही समजलं नाही. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कूलर धडाडून राहिला, आणि पोरगी कूलरकडे पाठ करून स्वेटर घालून बसलेली. हात लावला तर बोटं गार. मी म्हटलं ताप आला काय गं? ताप कुठला, अंगात गरमीच उरली नव्हती. शरीराला खायला कमी पडलं की ते आधी खर्च कमी करते. हातापायाची ऊब जाते, नाडी मंद होते, पाळी थांबते, केस गळतात, अंगावर बारीक लव येते. हे मला नंतर समजलं. तेव्हा आम्ही पाळीसाठी एका डॉक्टरकडे, केसांसाठी दुसऱ्याकडे, 'पोट फुगते, गॅस होते' म्हणून तिसऱ्याकडे फिरून राहिलो होतो. प्रत्येकानं आपापला अवयव पाहिला अन् गोळ्या लिहून दिल्या.

ती एकदाही म्हणाली नाही की मला जाड व्हायची भीती वाटते. तिचं एकच, पोट जड होते. त्यामुळे ॲनोरेक्सिया कोणाच्या डोक्यातच आला नाही. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९०च्या दशकात नेमकं हेच लिहून ठेवलं आहे, की आपल्याकडच्या, म्हणजे आशियातल्या पुष्कळ रुग्णांत 'मी जाड आहे' ही तक्रार नसतेच, पोट भरल्यासारखं वाटते, भूक नाही, अशी असते. जाड व्हायच्या भीतीची वाट पाहत बसाल तर वेळ जाईल.

दुसरं, उपास. सोमवार, मग चतुर्थी, मग नवरात्र, मग श्रावण आख्खा. घरात आजी खूश, पोरगी धार्मिक निघाली म्हणून. वर्षभर उपासाची कॅलेंडरं भरून राहिली अन् उपासाच्या दिवशी साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी यातलंही काही पोटात जाऊन नाही राहिलं. तिथे माझं लक्ष गेलं.

उपचार कुटुंबासोबतचा सुरू झाला. लंडनच्या मॉड्स्ले हॉस्पिटलात १९८०च्या दशकात ही पद्धत उभी राहिली, किशोरवयीन मुलामुलींसाठी. आईबापानं काही काळ जेवणाचा ताबा पूर्ण आपल्या हाती घ्यायचा. काय वाढायचं, किती वाढायचं, हे आम्ही ठरवणार. तिनं ठरवायचं नाही, तिच्याशी घासाघीस करायची नाही. वजन सावरलं की हळूहळू ताबा तिच्याकडे परत. शेवटच्या टप्प्यात तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न.

लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात वरण-भात, तूप, पोळी, भाजी समोर ठेवून मी बसायचो अन् ती ताटाकडे असं पाहायची जसं त्यात काही जिवंत आहे. रडणं, ओरडणं, 'तुम्हाला मी आवडतच नाही' हे सगळं झालं. माझं वाक्य एकच असे, आवाज न चढवता: 'मला माहीत आहे तुला जड जाऊन राहिलं. मी इथंच बसलो आहे. पुढचा घास घे.' जेवणावर चर्चा करायची नाही हे आम्हाला शिकवलं होतं. मग आम्ही पत्ते काढायचो. एका हातात पत्ते, एका हातात घास. जेवण झाल्यावर तासभर तिला एकटं सोडायचं नाही, म्हणून तिची आई तिच्यासोबत जुन्या मालिका लावून बसायची.

महत्त्वाचं: हे डॉक्टरांशिवाय करू नका. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं आणि हृदय धोक्यात येतं. सुरुवातीचे दिवस आमची पोरगी दवाखान्यात भरती होती, रोज रक्त तपासून खाणं वाढवलं. घरी आल्यावर आम्ही पुढचं केलं.

आणि बापांनो, या. आमच्या घरी पहिले सगळं तिच्या आईवर होतं. दोघं एका बाजूला बसलो तेव्हा फरक पडला.

धागा संयोजक

मध्ये आलेल्या एका प्रतिसादातून वजनाचे दोन आकडे काढले आहेत. बाकी मजकूर जसाच्या तसा आहे. वैनगंगा यांनी सांगितलेलं पथ्य या धाग्यापुरतं नियम समजावं.

जुनी_शुक्रवारी

हेतू चांगला आहे, शंका नाही. पण मला यात धोका दिसतो. अशा मुलींना एकत्र बसवलं तर त्या एकमेकींकडून नको ते शिकतील. इंटरनेटवर तसे गट आहेतच, जिथे उपाशी राहण्याचं कौतुक चालतं. माझ्या भाचीला तिथूनच वाढलं. त्यापेक्षा प्रत्येकानं आपापल्या डॉक्टरकडे जावं, हेच बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

समुपदेशक_खामला

जुनी_शुक्रवारी यांची भीती रास्त आहे, ती बाजूला सारू नका. मी या क्षेत्रात काम करते. आजार जोरात असताना दोन रुग्ण शेजारी बसले की मनात पहिला विचार येतो 'ती माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसते, म्हणजे मला काही झालेलं नाही' किंवा 'ती जमवते, मग मी का नाही'. म्हणून माझं मत असं:

घरच्यांचा गट आणि स्वतः त्यातून जाणाऱ्यांचा गट वेगळा ठेवा. घरच्यांचा गट तुम्ही आईवडीलच चालवू शकता. दुसऱ्या गटात मात्र प्रशिक्षित माणूस बसलेला हवा, आणि ज्यांची तब्येत डॉक्टरांच्या मते स्थिर आहे त्यांनीच यावं. गट हा उपचाराला जोड आहे, उपचाराऐवजी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता घरच्यांबद्दल. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई खुर्चीत बसायच्या आत विचारते, 'माझं काय चुकलं?' या आजारात अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय. २०१९ साली ॲनोरेक्सियाच्या जवळपास १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या आणि मनाइतकाच शरीराच्या चयापचयाशीही त्याचा संबंध दिसला. डाएट, परीक्षा, टोमणे, मोबाइलवरचे फोटो यांनी ठिणगी पडते, पण त्याच टोमण्यांतून बाकीच्या दहा मुली तशाच बाहेर येतात. आईच्या एखाद्या वाक्यानं हा आजार होत नाही. तो बरा करण्यात मात्र आईवडिलांचा हात फार मोठा असतो.

अजून एक, कारण घरोघरी हे विचारतात: 'स्वतः खात नाही, पण दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघते, सगळ्यांसाठी केक करते, असं कसं?' उपाशी मेंदू असाच वागतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. सहा महिने त्यांना जवळपास निम्मं अन्न दिलं. ही मुलं मनानं खणखणीत म्हणून निवडलेली होती. तरी ती चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, एकेक घास तासन् तास चघळत बसली. पुन्हा भरपूर अन्न मिळाल्यावरही कित्येकांचं खाणं बरेच महिने ताळ्यावर आलं नाही. त्यांना कुठलाही मानसिक आजार नव्हता, नुसती उपासमार होती. तुमच्या मुलीचा जो स्वभाव बदललेला दिसतो त्यातला बराचसा भाग या उपासमारीचा आहे. पोटात अन्न जायला लागल्यावर पूर्वीची मुलगी दिसायला लागते, थोडा वेळ लागतो.

मोहफूल

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहिते. मला बुलिमिया होता. आता नाही.

माझं वजन कायम चारचौघींसारखं होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. कॉलेजात, मग धरमपेठेतल्या नोकरीत, मी 'खाऊनपिऊन सुखी' मुलगी होते. दिवसभर काही नाही, रात्री एकटी असताना भान हरपून खाणं, मग ते बाहेर काढणं, मग रडणं, मग उद्यापासून पक्कं काही खायचं नाही अशी शपथ. आणि त्या शपथेतच उद्याच्या रात्रीचं बीज. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं. माझ्या थेरपिस्टनं हे सांगितलं तेव्हा मला हुंदका आला होता, कारण तोवर मला वाटायचं ही घाणेरडी सवय जगात माझ्या एकटीचीच आहे.

थेरपी सीबीटी होती, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी. पहिलं काम काय दिलं असेल? खाणं. ठरलेल्या वेळी, दर तीन-चार तासांनी, भूक असो नसो. मला वाटलं ही बाई मला फुगवणार. पण दिवसा पोट उपाशी राहिलं नाही की रात्रीची ती लाट हळूहळू उतरायला लागते, हे मी अंगावर अनुभवलं. सोबत काही काळ औषधही होतं.

माझ्या घरी आजही माहीत नाही. मला सावरलं माझ्या रूममेटनं. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकही प्रश्न विचारला नाही, उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण झालं की चपला घालून दारात उभी राहायची. 'चल, फुटाळ्यावर जाऊन येऊ.' आम्ही तलावाच्या काठानं चालायचो, ती ऑफिसातल्या गोष्टी सांगायची. तो तास तिनं माझ्यासाठी भरून काढला. अशी माणसं गटातून तयार झाली तर फार मोठं काम होईल.

जुनी_शुक्रवारी काका/काकू, तुमचं म्हणणं पटतं. माझ्यासारख्या, बऱ्या झालेल्या दोघी-तिघी घरच्यांच्या गटात येऊन बोलल्या तर चालेल का? पालकांना दिसेल की यातून बाहेर येता येतं.

दातवाली_डॉक्टर

मोहफूल, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या खुर्चीत असे पेशंट येतात आणि बरेचदा पहिला संशय आम्हालाच येतो. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचं इनॅमल झिजलेलं असतं, दात संवेदनशील होतात, कधी गालाखालच्या लाळग्रंथी सुजलेल्या दिसतात. मी आईसमोर काही बोलत नाही, आधी पेशंटशी एकटीनं बोलते.

एक व्यावहारिक गोष्ट: उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. आम्लानं मऊ पडलेलं इनॅमल घासलं की जास्त जातं. साध्या पाण्यानं किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरा. आणि दातांपेक्षा मोठी काळजी पोटॅशियमची. वारंवार उलट्यांनी ते घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या, वजन कितीही असो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं मात्र समजू नका.

तर्रीपोहे

सगळे 'मुलगी, मुलगी' लिहून राहिले म्हणून लिहितो. मी पोट्टा आहे.

नीटच्या तयारीसाठी गावावरून नागपूरले आलो, कोचिंगजवळच्या एका खोलीत एकटा. मार्क कमी आले की रात्री मोबाइलवरून जेवण मागवायचो, एकट्यासाठी चार जणांचं. पोट दुखेपर्यंत खायचो. चव लागत नव्हती. मग डबे काळ्या पिशवीत भरून पहाटे दूरच्या कचराकुंडीत टाकून यायचो, घरमालकाले दिसू नये म्हणून. उलटी-बिलटी काही नाही. हा बिंज इटिंग डिसऑर्डर आहे हे मले डॉक्टरनं सांगेपर्यंत मी त्याले निव्वळ हावरटपणा समजत होतो. गावी गेलो की सगळे म्हणत, नागपूरचं पाणी मानवलं.

मदत कुठून आली तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवरून. १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता लावला होता. तिकडच्या ताईनं ऐकून घेतलं आणि मानसोपचार विभागात जायले सांगितलं. मी मेडिकलले, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गेलो. केसपेपर काढला, रांगेत बसलो, लाज वाटली, पण गेलो.

गट निघाला तर पत्रकावर स्पष्ट लिहा, मुलांसाठीही आहे. जिममध्ये माझे दोन दोस्त आहेत, त्यांचं खाणं पाहून मले भीती वाटते. ते स्वतःहून कुठं जाणार नाहीत.

पळसफूल

तर्रीपोहे, जेवायला घरी ये कधीही. मनापासून सांगते. आणि ताटात किती घेतलंस याकडे कुणी बघणार नाही.

आजी_महाल

मी वयानं तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे. नातीला हा आजार आहे. सून फार निगुतीनं सगळं करते, मला मध्ये बोलायची भीती वाटते. आता महालक्ष्म्या येतील. आमच्याकडे दीडशे पान असतं. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, वडे. सगळं गणगोत येतं. मागल्या वर्षी प्रत्येकानं पोरीला काहीतरी म्हटलं आणि ती वरच्या खोलीत जाऊन बसली ती खाली आलीच नाही. यंदा मी काय करू?

वैनगंगा

आजी, तुमचा प्रश्न वाचून डोळे भरून आले. आमच्याकडेही हाच दिवस सगळ्यात अवघड जातो.

माझ्या मुलीनं मला सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. 'किती वाळलीस गं, हाडं दिसतात' हे ऐकलं की आजाराला आतून शाबासकी मिळते. 'आता छान भरलीस, तब्येत सुधारली' हे ऐकलं की त्या रात्रीपासून खाणं बंद करावंसं वाटतं. म्हणजे दोन्हीकडून शरीरावर बोलायचंच नाही. 'एवढंच घेतलंस?' नाही, 'अरे वा, आज पोळी खाल्लीस!' हेसुद्धा नाही.

तुम्ही घरातल्या मोठ्या आहात, तुमच्या शब्दाला मान आहे. सून जे करू शकत नाही ते तुम्ही करू शकता. आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः फोन करून जावांना, नणंदांना सांगा, 'पोरीच्या अंगावर आणि ताटावर कुणी बोलायचं नाही, मला चालणार नाही.' कारण सांगायची गरज नाही. पंगतीत तिला आग्रह होऊ देऊ नका. तिचं पान आधीच, नेहमीच्या वेळेला, सुनेनं वाढलेलं आत जेवून होऊ दे. मग बाहेर ती रांगोळीला, मुखवट्यांच्या सजावटीला, हळदीकुंकवाला असेल. तिला असं काम द्या ज्याचा जेवणाशी संबंध नाही. आणि दुपारी जरा वेळ तिला तुमच्याजवळ बोलवा, तिच्याशी अभ्यासाचं, मैत्रिणींचं, जुन्या साड्यांचं बोला. तिला तिच्या आजाराखेरीज ओळखणारं कुणीतरी त्या गर्दीत हवं असतं.

नैवेद्य घरात राहतोच, तिनं प्रसाद घेतला नाही म्हणून देवी रागावणार नाही, हे मात्र तुमच्या तोंडून तिला कळू द्या. आमच्या सांगण्याला ते वजन नाही.

आजी_महाल

करते. फोन आजपासूनच करते.

कन्हान

आजी 🙏

विमा_आणि_कागद

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ च्या उपकलम ४ प्रमाणे विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. भरती व्हायची वेळ आली तर 'मानसिक आहे, बसत नाही' असं तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. नकार लेखी मागा, पॉलिसीतलं कलम दाखवा म्हणा, कंपनीच्या तक्रार विभागात अर्ज करा, आणि तिथून समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ओपीडीची फी आणि समुपदेशन बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, ते गृहीत धरूनच हिशेब करा. खाजगी झेपत नसेल तर मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी दवाखाने) आणि मिहानचं एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत.

समुपदेशक_खामला

वरच्या माहितीला एक जोड. पुढचं काही दिसलं तर ओपीडीच्या दिवसाची किंवा गटाच्या भेटीची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या, १०८ लावा: चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, नाडी फार मंद वाटणं, पाणीही पोटात न टिकणं, पायांवर सूज, बोलण्यात गोंधळ, किंवा जगायचं नाही असं बोलणं. शेवटचं तर कधीच 'नाटक' समजू नका.

आईवडिलांसाठी फीस्ट नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, पालकांनीच पालकांसाठी चालवलेली. तिचं साहित्य इंग्रजीत आहे. आपल्यापैकी कुणी त्यातलं महत्त्वाचं वाचून गटात मराठीतून समजावून सांगितलं तर ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांची सोय होईल.

जुनी_शुक्रवारी

दोन गट वेगळे असतील आणि मुलींना लगेच एकत्र बसवणार नसाल तर माझा विरोध नाही. माझी बहीण एकटीच आहे, तिला घेऊन येईन. ती बोलणार नाही, नुसती बसेल. चालेल ना?

वैनगंगा

चालेल, नक्की आणा. गटात बोलायची सक्ती नाही.

सगळं वाचून असं ठरवते आहे. पहिली भेट फक्त घरच्यांची. आई, बाबा, आजी, नवरा, बायको, भाऊ, बहीण, रूममेट, कुणीही. रविवारी सकाळी अकराला, म्हणजे सकाळचं खाणं उरकून दुपारच्या जेवणाच्या आत सगळ्यांना घरी पोचता येईल. ताटाशेजारी बसायला घरी दुसरं कुणी नसेल तर आधी सांगा, आपण आळीपाळीनं सोय बघू. जागा बजाजनगरजवळ मिळते आहे, पत्ता इथे टाकणार नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आडनाव सांगायची गरज नाही, फोटो काढायचे नाहीत, तिथलं बोलणं तिथेच राहील.

समुपदेशक_खामला यांनी पहिल्या भेटीला यायचं कबूल केलंय. मोहफूल, तुम्ही या, शेवटचा अर्धा तास तुमचा. तर्रीपोहे, तूही ये, पत्रकाचा मजकूर तूच लिहून दे, मुलांना कसं सांगायचं ते तुला जास्त कळतं.

मोहफूल

येते. एक विचारायचं होतं, चहा-नाश्ता ठेवणार का? मला आता चालतं, पण पहिल्यांदा येणाऱ्या कुणाला पोहे-बिहे समोर आले की टेन्शन येऊ शकतं. घरच्यांपैकीही काहींना हा त्रास असतो, ते बोलत नाहीत.

वैनगंगा

बरं झालं विचारलंत. चहा आणि पाणी एका बाजूला टेबलावर ठेवू, ज्याला हवं तो उठून घेईल, कुणी कुणाला आग्रह करायचा नाही. खायचं काही ठेवत नाही.

कन्हान, खुर्च्या वरच्या मजल्यावरून खाली आणाव्या लागतील, तुम्ही साडेदहाला याल का?

कन्हान

दहालेच येतो. बायकोही येऊन राहिली आहे, सतरंजी आमच्याकडून.